सीड ड्रिलला (पेरणी यंत्राला) प्लेटवाले डबे बसवू का? सोयाबीनला खरंच फरक पडतो की नुसता खर्च?

सांवेर रोडवाला
नमस्कार मंडळी. राहतो इंदूरला लोकमान्य नगरात, शेती सांवेरकडे, 22 बिघे, सगळी काळी. 18 बिघ्यात सोयाबीन, 4 बिघ्यात मका. वडिलांनी घेतलेली नऊ फणांची सीड ड्रिल आहे, खाचांच्या रोलरवाली. गेल्या वर्षी उगवण झाल्यावर टेप घेऊन बसलो, दर ओळीत 10 मीटर मोजले. दोन रोपांत 5 सेंटीमीटर धरले तर 200 रोपं हवीत, तर तिसऱ्या ओळीत निघाली 121 आणि तिच्या शेजारच्या ओळीत 238. एका ठिकाणी तीन रोपं एकमेकांच्या गळ्यात पडलेली आणि पुढे वीतभर काहीच नाही. मिस्त्री म्हणतो याच फ्रेमवर प्रत्येक ओळीला वेगळा डबा आणि तिरपी प्लेट बसवून देतो, एका खळग्यात एकच दाणा. बायको म्हणते आधी विहिरीची मोटर बघा. तुम्ही सांगा.

देपालपूरची माती
वहिनींचं ऐका. सोयाबीनला जागा मिळाली की ते फांद्या काढतं, वीतभर फट शेजारची दोन झाडं भरून काढतात, ऑगस्टमध्ये तुम्हाला ती फट शोधूनही सापडणार नाही. आणि आपली माती! पेरल्यावर जोराचा पाऊस पडला आणि वर ऊन तापलं की अशी पापडी धरते की एकटा कोंब खालीच मान मोडून बसतो, दोन-तीन मिळून असले तर ढकलून वर येतात. मी तर म्हणतो थोडी दाटी बरीच.

मक्याचा माणूस
दाटी बरी हे मान्य नाही दादा. बियाण्याचा हिशेब करा ना. 45 सेंटीमीटरच्या ओळी म्हणजे हेक्टरी 22,222 मीटर ओळ, मीटरला 20 दाणे धरले तर साडेचार लाखाच्या आसपास, शंभर दाण्यांचं वजन 11 ग्रॅम असलं तर झाले 49 किलो, उगवण 70 टक्के धरली तर 70 किलो. बस. आपल्याकडे लोक शंभर-शंभर किलो ओततात आणि वरून म्हणतात बियाणं महाग झालं. प्लेटवाल्या यंत्राने हेच वाचतं.

देपालपूरची माती
ते बियाणं कमी-जास्त सोडणारी रोलरची पट्टी थोडी बंद करूनही वाचतं की! ड्रिलचं चाक जॅकवर उचला, वीस फेऱ्या फिरवा, प्रत्येक पाइपाखाली पिशवी बांधा आणि तोला. फुकटचं काम आहे, कोणी करत नाही ही गोष्ट वेगळी.

मक्याचा माणूस
तोलून किती पडलं ते कळतं, किती अंतरावर पडलं ते नाही. आणि या माणसाचा 4 बिघे मका विसरू नका. मका फट भरून काढत नाही. 60 बाय 20 सेंटीमीटरवर एक झाड चुकलं की एक कणीस गेलं, दोन एकत्र आली की दोन्ही कणसं बारकी.

पाना-पक्कड
मी वर्कशॉपवाला, त्यामुळे माझं बोलणं धंद्याच्या विरुद्ध वाटेल. सांवेरवाले भाऊ, डबा बसवाल, पण दाणा खाली जाणार कशातून? त्याच वळ्यावळ्यांच्या प्लास्टिक पाइपातून ना, दोन-अडीच फूट? प्लेटने दाणे मोजून एकेक सोडले तरी पाइपात एक भिंतीला आपटतो, एक सरळ जातो, मागचा पुढच्याला गाठतो, आणि जमिनीत पुन्हा तीच गळाभेट. पाइप आतून गुळगुळीत पाहिजे, सरळ पाहिजे आणि डबा जितका खाली येईल तितका बरा. हे मिस्त्री करत असेल तर बसवा, नाहीतर प्लेट कितीही चांगली असो, पैसे पाण्यात.
दुसरं, ड्रायव्हर. बिघ्यावर पैसे घेतो म्हणून तो तिसऱ्या गिअरात पळवतो. प्लेटला ताशी 4-5 किलोमीटरच्या वर दाणा उचलायला वेळच मिळत नाही. आणि चालवणारं चाक चिखलात घसरलं की प्लेट थांबते, ट्रॅक्टर पुढे जातो, तेवढी ओळ रिकामी.

छावणीची सून
आम्ही गेल्या साली भाड्याने हवेवालं यंत्र आणलं होतं, प्लेटच्या भोकाला दाणा हवेच्या ओढीने चिकटतो ते. चाललं तर घड्याळासारखं. पण त्याचा पंखा पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, मिनिटाला 540 फेरे हवेत, आमचा ट्रॅक्टर जुना, बांधाजवळ वळताना रेस पडली की दाणे प्लेटवरून गळून जायचे. शिवाय सासरे बियाण्याला रायझोबियम (नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं खत) चोळून ओलंच घेऊन आले, भोकं बुजली. मग सावलीत वाळवून परत भरलं, दुपार गेली त्यात.

देपालपूरची माती
हेच म्हणतो मी. दाणा दोन-तीन सेंटीमीटर खोल, ओलीत, वरून माती हलकी दाबलेली, एवढं जमलं तरी खूप. लोक 100 मिमी पावसाची वाट न बघता पहिल्या सरीवर बोवनी (पेरणी) करतात आणि नंतर यंत्राला शिव्या देतात.

मक्याचा माणूस
खोलीचं पूर्ण मान्य. पण म्हणून 121 आणि 238 चालवून घ्यायचं? शेजारच्या दोन ओळींत दुपटीचा फरक म्हणजे काहीतरी गडबड आहेच.

पाना-पक्कड
एवढा फरक रोलर झिजून नाही पडत भिया. तिसऱ्या नंबरचा पाइप खोलून बघा.

सांवेर रोडवाला
आज शेतावर गेलो होतो. तिसरा पाइप काढून आपटला तर आतून मातीचं घर निघालं, कुंभारीण माशीचं, अर्धा पाइप बुजलेला! चौथ्याची रोलरपट्टी पूर्ण उघडीच होती, बोल्टचे आटे गेलेत. बायकोला सांगितलं तर दहा मिनिटं हसत होती.
तर आत्ता ठरवलंय ते असं, सोयाबीनला हीच ड्रिल, नऊही पाइप नवे, पिशव्या बांधून तोलणार. मक्यासाठी चार ओळींपुरते प्लेटवाले डबे, खाली उतरवून. पाना-पक्कड भाऊ, फ्रेमचे फोटो पाठवतो, डबा किती खाली घेता येईल ते सांगा.

देपालपूरची माती
आणि मोटर?

सांवेर रोडवाला
मोटरवाला उद्या येतोय.