गिटारवर आधी कोणते कॉर्ड्स शिकावेत? चार्ट बघून गोंधळ झालाय

सहातारा:
नमस्कार मंडळी. अकूस्टिक गिटार घेतलीये, ट्यूनर लावून सहाही तारा जुळवता येतात, डाऊन-डाऊन-अप असं साधं स्ट्रमिंगपण हळूहळू जमतंय, पण कॉर्ड्सचं, म्हणजे तीन किंवा जास्त सूर एकदम वाजवायचं, गाडं अडलंय. एक चार्ट मिळाला त्यात ए पासून जी पर्यंत मेजर, मायनर, सेव्हन्थ सगळे ओळीने दिलेत आणि मी ते वरून खाली पाठ करत सुटलो. बोटं कुठे ठेवायची ते लक्षात राहतं, पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत ठेका निघून गेलेला असतो. कुणी म्हणतं सी पासून सुरू कर, कुणी म्हणतं ई मायनर, आणि एफ शिवाय काही वाजवताच येत नाही असंही ऐकलं. एफ मध्ये तर तर्जनी आडवी दाबूनसुद्धा अर्ध्या तारा मुक्याच राहतात.

मला वाजवत गायचंय, सोलो वगैरे सध्या नको. तर आधी कोणते घ्यावेत आणि का, ते कारणासकट सांगाल का? नुसती यादी नको, याद्या भरपूर आहेत.

मंद्रसप्तक:
तो चार्ट आधी बाजूला ठेव. एकेक कॉर्ड सुटा पाठ करून काही होत नाही, कारण गाण्यात अडतं ते कॉर्डमध्ये नाही, दोन कॉर्डच्या मधे अडतं. म्हणून कुठला कॉर्ड सोपा यापेक्षा कुठल्या दोन कॉर्डमध्ये बोटं कमीत कमी हलतात हे बघून निवड.

मी कुणालाही शिकवताना ई मायनरपासून सुरू करतो. दोनच बोटं, पाचवी आणि चौथी तार (पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड), दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेला कप्पा), आणि सहाच्या सहा तारा बिनधास्त वाजवायच्या, कुठली टाळायची हा प्रश्नच नाही. ही दोन बोटं मधलं आणि अनामिका अशी ठेव, म्हणजे तर्जनी मोकळी राहते. आता ती तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला टेकव, झाला ई मेजर. उचलली की परत मायनर. हे एकदा डोळे मिटून ऐक, ई ला सा धरलास तर त्या एका बोटाने शुद्ध गंधाराचा कोमल गंधार होतो, बाकी सगळं जागच्या जागी. मेजर-मायनर म्हणजे काय हे पुस्तकातून वाचण्यापेक्षा असं कानाला कळलेलं टिकतं.

मग ई मेजरचा तोच आकार उचलून बारीक तारांच्या बाजूला एक तार सरकव, की ए मायनर. बोटांची मांडणी तीच आहे, फक्त जागा बदलली. आणि ए मायनरवरून सी ला जाताना एकटी अनामिका हलते, तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तर्जनी आणि मधलं बोट जिथे आहेत तिथेच. त्यांना उचलूच नकोस! नवीन माणूस सवयीने सगळी बोटं हवेत उचलतो आणि मग परत जागा शोधत बसतो, ठेका तिथेच जातो. या दोन कॉर्डमध्ये सी आणि ई हे दोन सूर सारखेच आहेत म्हणून ते एकमेकांच्या मागे इतके छान लागतात.

म्हणजे ई मायनर, ई, ए मायनर, सी, या क्रमाने गेलास तर प्रत्येक नवीन कॉर्ड आधीच्यातूनच निघतो. जी आणि डी त्यानंतर.

खर्ज_आणि_खटका:
वरचं सगळं मान्य, पण गाण्याची घाई असेल तर मी दुसरी वाट सांगेन. जी, सी, डी आणि ई मायनर हे एकाच घरचे कॉर्ड आहेत, जी च्या स्केलमधले, म्हणजे जी हा सा धरून येणाऱ्या सात सुरांतले, आणि या चारांवर ढिगाने गाणी बसतात. त्यांचं एक सोपं रूप आहे ते शिक.

जी असा धर: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, तर्जनी पाचव्या तारेवर दुसरा, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसरा आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसरा. आता अनामिका आणि करंगळी चिकटवून ठेव आणि मधलं आणि तर्जनी ही दोन बोटं एकेक तार खाली, बारीक तारांकडे घे, सहावी तार सोडून वाजव, हा सी अ‍ॅड नाइन, साध्या सी च्या जागी चालतो. परत तीच दोन बोटं पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आण, ई मायनर सेव्हन. डी ला जाताना करंगळी उचल, अनामिका तिथेच, तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि मधलं पहिल्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. म्हणजे चारही कॉर्डमध्ये अनामिका हललीच नाही!

हे नुसतं सोपं नाही, ऐकायलाही सुंदर लागतं, कारण जी हा सा धरला तर करंगळीखाली सा आहे आणि अनामिकेखाली प. खालचे कॉर्ड बदलत राहतात आणि वर तानपुऱ्यासारखा सा-प चालू राहतो. डी मध्ये तेवढा सा सुटतो, प राहतोच.

पांढरी_चार:
गाणारीच्या बाजूने एक सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. कॉर्ड निवडताना आपला आवाज कुठे बसतो तेही बघा. बरेच जण जी मध्ये वाजवायला शिकतात आणि मग गळा ताणून गातात, किंवा इतकं खाली गातात की आवाजच निघत नाही, आणि वाटतं आपल्याला गाता येत नाही. यासाठी कॅपो घ्या, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. प्रत्येक फ्रेटला अर्धा सूर चढतो, बोटांचा आकार तोच. जी च्या आकारात वाजवताना कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की सा पेटीची काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. सी च्या आकारात पहिल्यावर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन. आधी कॅपो न लावता गाऊन बघा, उंच जातंय असं वाटलं तर कॅपो वर सरकवण्याऐवजी दुसऱ्या घरचे आकार घ्या, म्हणजे जी ऐवजी डी किंवा सी.

म्हणून माझं मत असं की जी चं घर आणि सी चं घर, एवढी दोन नीट आली की कॅपो घेऊन जवळपास कुठल्याही पट्टीत गाता येतं. चार्टमधले बाकीचे कॉर्ड तोवर थांबू शकतात. शिवाय कॅपो लावल्यावर तारा फ्रेटच्या जवळ येतात, बोटं कमी दुखतात.

सहातारा:
वा, एवढं कुणी समजावलंच नव्हतं, खरंच आभार सगळ्यांचे. अनामिका न हलवता चार कॉर्ड हे आत्ताच करून बघितलं, पहिल्यांदा न थांबता बदल झाला! दोन शंका. डी वाजवताना खाली घूं घूं असा जाडा आवाज येतो, गढूळ वाटतं. आणि एफ चं काय करू, सी च्या घरात तो लागतोच ना?

मंद्रसप्तक:
डी मध्ये फक्त खालच्या, म्हणजे बारीक बाजूच्या चार तारा वाजवायच्या असतात. पाचवी लागली तरी चालून जातं, ती ए आहे आणि ए हा डी कॉर्डमधलाच सूर, पण सहावी मोकळी ई आहे, ती लागली की गढूळपणा येतो. स्ट्रमिंगचा हात मोजूनमापून थांबवायला जाऊ नकोस, त्याने लय बिघडते. त्यापेक्षा डाव्या हाताचा अंगठा मानेवरून जरा वर काढून सहाव्या तारेला नुसता टेकव, दाबायचा नाही, तार मुकी होते.

आणि कुठल्याही कॉर्डमध्ये तार खरखरली तर जोर वाढवायच्या आधी बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे आहे का बघ. दोन फ्रेटच्या मधोमध असलं की दुप्पट जोर लावूनही खरखर जात नाही.

लाकूड_आणि_तार:
एफ बद्दल मी लिहितो. पहिलं म्हणजे सध्या पूर्ण एफ लागतच नाही. एफ मेजर सेव्हन घे: सी मधून तर्जनी तशीच ठेव, मधलं बोट आणि अनामिका एकेक तार खाली आण, म्हणजे मधलं तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट, अनामिका चौथ्या तारेवर तिसरा, आणि वाजवायच्या खालच्या चारच तारा. बहुतेक गाण्यांत एफ च्या जागी हा बसतो, जरा हळवा लागतो एवढंच. तो पक्का झाला की तर्जनी थोडी आडवी करून पहिल्या दोन तारा एकदम दाब, हा छोटा एफ. तिथून पूर्ण बार कॉर्डकडे जा, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवायचा कॉर्ड.

पूर्ण बारचं म्हणशील तर तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबायची गरजच नसते, एफ च्या आकारात पाचवी, चौथी, तिसरी बाकीची बोटं सांभाळतात, तर्जनीकडे सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच. बोट सपाट न ठेवता किंचित कडेवर वळव, त्या बाजूला मांस कमी आणि हाड जास्त असतं. आणि सराव पहिल्या फ्रेटवर करूच नकोस, पाचव्या फ्रेटवर तोच आकार धर, तो ए मेजर होतो, आणि तिथून एकेक फ्रेट मागे ये.

पाचव्यावर स्वच्छ वाजतोय आणि पहिल्यावर अजिबात नाही असं झालं तर बोटांना दोष देऊ नकोस, गिटारचा नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी, उंच असू शकतो. तपासायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून धर आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघ. जेमतेम केसाएवढी असावी. ठळक दिसत असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून नट घासून घे, घरी कानस लावू नकोस, एकदा जास्त घासला गेला की मोकळी तार फ्रेटवर आपटून खरखरते आणि नट बदलावाच लागतो.

खर्ज_आणि_खटका:
सरावाचं राहिलंच की. मेट्रोनोम (ठेक्याचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव, एका कॉर्डला चार ठोके, आणि बदल जमत नसेल तर चौथ्या ठोक्याला बोटं आधीच सोडून दे, त्या ठोक्याला मोकळ्या तारा वाजल्या तरी चालतील. उजवा हात मात्र थांबता कामा नये, तो चालू राहिला की डावा आपोआप वेळेत पोचायला शिकतो. चारही कॉर्ड एकदम फिरवू नकोस, ज्या जोडीत अडतंय तीच जोडी घे, बहुतेकांचं सी अ‍ॅड नाइनवरून डी ला जाताना अडतं.

सहातारा:
फट बघितली, पहिल्या तारेखाली तरी चांगलीच दिसतेय, दाखवून आणतो. तोवर जी चं घर आणि पाचव्या फ्रेटवरचा बार. डी च्या घरात बी मायनर लागतो असं दिसतंय, तोपण बारचाच आहे का?

पांढरी_चार:
हो, पण त्याचंही सोपं रूप आहे, बी मायनर सेव्हन. पाचवी, तिसरी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर दाबा, चौथी आणि दुसरी मोकळी, सहावी वाजवायची नाही. डी चं घर घ्याल तेव्हा हाच वापरा, डी, जी, ए आणि हा, एवढ्यात पुष्कळ गाणी होतात.