मदत हवी आहे: मॉरिशस सहलीच्या शेवटच्या दिवशी मिळालेला कागद आणि त्यावरचं गाव

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मी आणि आई (वय 76) एका सहल कंपनीबरोबर मॉरिशसला जाऊन आलो. सहा रात्री, सात दिवस, चौतीस माणसं. सहलीबद्दल तक्रार काहीच नाही. शामारेलची सात रंगांची माती पाहिली, गंगा तलावावर आईने डोकं टेकलं, पाम्पलमूसच्या बागेत परातीसारखे काठ उभारलेली कमळाची पानं पाहिली. फोटो सातशेच्या वर आहेत. पण मला विचारायचंय ते शेवटच्या दिवसातल्या जेमतेम वीस मिनिटांबद्दल. तेव्हापासून आई रोज सकाळी चहा घेताना एकच विचारते, "सापडलं का गं त्यांचं गाव?"

शेवटचा दिवस कसा असतो ते ग्रुपबरोबर गेलेल्यांना माहीत आहे. सात वाजता बॅगा खोलीबाहेर, नाश्ता, मग बसमध्ये नंबरांची देवाणघेवाण, टिपेची पाकिटं, अभिप्रायाचे फॉर्म. उरलेला चिवडा शेवटच्या सीटपर्यंत फिरला. ग्राँ बेच्या हॉटेलवरून विमानतळावर जाताना वाटेत पोर्ट लुईला कोदाँ वॉटरफ्रंटवर खरेदीसाठी दोन तास ठेवले होते. आईला खरेदीत रस नव्हता. बसचालकाने तिला सांगितलं होतं, की जवळच आप्रवासी घाट आहे, चालत दहा मिनिटं. आमच्या कार्यक्रमात तो नव्हता. टूर मॅनेजरना सांगून आम्ही दोघी निघालो.

घाट म्हणजे मोठं काही नाही. दगडी भिंती, काही खोल्यांचे अवशेष आणि सोळा पायऱ्या. 1834 पासून 1920 पर्यंत जवळपास पाच लाख मजूर हिंदुस्थानातून कराराने मॉरिशसला आले, त्यातले बहुतेक याच जागेवरून पुढे उसाच्या मळ्यांवर गेले किंवा दुसऱ्या वसाहतींत पाठवले गेले. 2006 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली. हे सगळं तिथल्या फलकांवर वाचलं. आईने काही वाचलं नाही. तिने पायऱ्यांपाशी चपला काढल्या आणि मला म्हणाली, "अगं, यांच्यातलं कुणीच परत गेलं नसेल का?"

हे वाक्य ऐकून मागून कुणीतरी विचारलं, "तुम्ही मराठी?"

सत्तरीचे गृहस्थ होते, पांढरा इस्त्रीचा शर्ट, सोबत नऊ-दहा वर्षांची नात. म्हणाले, "आम्ही पण मराठी. माझं मराठी शाळेतलं आणि देवळातलं आहे, चुकलं तर माफ करा." चुकत काहीच नव्हतं. शब्द सावकाश, एकेक ठेवल्यासारखे यायचे, आणि नातीशी बोलायला लागले की झरझर क्रियोल. गणपती त्यांच्याकडे घरोघर बसतो, त्या दिवशी देशभर सुट्टी असते, रात्री गोल धरून "झाकरी" नाचतात, हे ते इतक्या आनंदाने सांगत होते, की मला माझ्या सोसायटीच्या गणपतीत दहा मिनिटंसुद्धा न थांबल्याची आठवण झाली.

आईने आपल्याकडचा पहिला प्रश्न विचारला: "गाव कोणतं तुमचं?"

त्यांनी पाकिटातून प्लास्टिकमध्ये घातलेला, चार घड्या केलेला कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारबद्ध मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत, तिथून त्यांच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी काढून आणलेल्या उताऱ्याची ही प्रत. मूळ पुरुषाचं नुसतं पहिलं नाव (घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून इथे देत नाही, तेच नाव आज त्या सगळ्या घराण्याचं आडनाव आहे), वय 22, उंची 5 फूट 3 इंच, उजव्या भुवईवर वण, मुंबई बंदर, साल 1854. हे सांगताना त्यांनी स्वतःच्या उजव्या भुवईवरून बोट फिरवलं. तिथे काहीच नव्हतं. सवयीने फिरवलं असणार.

गावाच्या रकान्यात रोमन लिपीत लिहिलंय: पी-ए-एल-जी-एच-यू-आर. मी पटकन म्हणाले, "पालघर! मुंबईजवळच आहे, लोकलने जाता येतं." त्यांचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एवढंच सांगत आलेत, की "वर गड, खाली गाव." पालघरजवळ काळदुर्ग आहे हे मला माहीत होतं, म्हणजे जुळलंच. आई म्हणाली, "आम्ही शोधू तुमची माणसं." मी कागदाचा फोटो घेतला, त्यांचा नंबर घेतला. आईने पर्समधून साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा डबा काढला, त्यात दोनच उरले होते. एक नातीला दिला. दुसरा त्यांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधून खिशात ठेवला, "बायकोला" म्हणाले. तेवढ्यात टूर मॅनेजरचा तिसरा फोन आला आणि आम्ही धावत सुटलो. नीट निरोपही घेतला नाही. हे मला फार लागलंय. आठवडाभर प्रत्येक ठिकाणी आम्ही दिलेली वेळ पाळत होतो, आणि जिथे थांबायला हवं होतं तिथे घड्याळ बघत होतो.

आता अडचण. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. जिल्ह्याचं नाव घडीवर आल्याने फाटून गेलंय, शेवटी "घेरी"सारखं काहीतरी दिसतं. त्याच्या शेजारच्या रकान्यात एस-ई-व्ही-ई-आर-एन-डी-आर-ओ-ओ-जी असा शब्द आहे. तिथे असताना मला ते जहाजाचं नाव वाटलं होतं, पण जहाज खाली वेगळं दिलंय. पालघर जिल्हा 2014 सालचा आणि त्याआधी ते ठाण्यात होतं, एवढं मला कळतं. पण या "सेव्हर्नड्रूग"चा पालघरशी काय संबंध? आणि 1854 सालच्या माणसाच्या भाऊबंदांचा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची? आम्ही मूळचे साताऱ्याचे, त्या भागात ओळखीचं कुणी नाही. कृपया मदत करा.

मोडीवाचक:

ताई, आधी वाईट बातमी आणि लगेच चांगली. हे पालघर नाही.

सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग. हर्णैसमोरचा आपला जलदुर्ग. 1755 मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला तेव्हापासून इंग्रजी कागदांत हेच स्पेलिंग आहे. लंडनमध्ये जेम्सच्या स्मरणार्थ बांधलेला बुरूज आजही याच नावाने उभा आहे. एकोणिसाव्या शतकात सुवर्णदुर्ग हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याचंही नाव होतं, आजचा दापोली आणि आसपासचा पट्टा. तुमचं फाटलेलं "घेरी" म्हणजे "रटनाघेरी". रत्नागिरी तेव्हा असंच लिहीत.

आता गाव. शेवटचा जी-एच-यू-आर तुम्ही "घर" वाचलात, आज कुणीही तसंच वाचेल. पण त्या काळचे इंग्रज कारकून "गड" सुद्धा असाच लिहायचे. त्यांच्या कानाला आपला "ड" हा "र" ऐकू यायचा. रायगडचं जुनं स्पेलिंग बघा, शेवटी हेच जी-एच-यू-आर. तेव्हा तुमचं गाव बहुधा पालगड. दापोली तालुक्यात आहे, साने गुरुजींचं जन्मगाव. आणि गावाच्या वरच्या अंगाला पालगडचा किल्ला आहे. वर गड, खाली गाव.

हर्णैकर:

वरचं वाचून अंगावर काटा आला. माझं आजोळ तिकडचंच.

काकू, ते "झाकरी" म्हणाले ना, ती आपली जाखडी. गणपतीत गोल धरून नाचतात, पायात चाळ, मध्ये ढोलकी आणि गाणारे. रत्नागिरीकडचा माणूस मुंबईत गिरणीत गेला तिथेही ती घेऊन गेला. अर्थात मॉरिशसचे सगळेच मराठी ती नाचत असतील, त्यामुळे त्यावरून एक गाव ठरत नाही. पण दिशा कोकणाचीच आहे.

शोध कसा घ्यायचा ते सांगतो. 1854 च्या जन्माच्या नोंदी वगैरे विसरा. गावात थेट जा आणि ग्रामदेवतेच्या देवळात गुरव व मानकऱ्यांना विचारा. कुठल्या वाडीत कोणती घराणी किती पिढ्या आहेत, कोणाचा मान कशामुळे बंद पडला, हे त्यांना तोंडपाठ असतं. "एक भाऊ जहाजावर गेला तो आला नाही" अशी गोष्ट एखाद्या घरात असू शकते. दुसरं, आमच्याकडच्या बहुतेक गावांची मुंबईत मंडळं आहेत, गणपती-शिमग्याच्या वर्गणीसाठी त्यांच्याकडे वाडीवार याद्या असतात. जुन्या आजी-आजोबांचे पत्ते तिथूनच मिळतील.

मोडीवाचक:

एक राहिलं. त्या आजोबांना मोकाला पुन्हा जायला सांगा. उताऱ्यावर नोंदणी क्रमांक असेलच. तो दाखवून मूळ वहीतली पूर्ण ओळ मागायची: बापाचं नाव, जात, सोबत कोणी नातेवाईक होते का. कुणीतरी हाताने उतरवून घेतलेल्या उताऱ्यात हे गळून जातं. तिथे नुसतं पहिलं नाव लिहायची पद्धत होती, त्यामुळे आडनाव मिळणार नाही. पण बापाचं नाव आणि जात कळली तर वाडी ठरवायला मोठा आधार होतो. फोटोची आशा धरू नका, मजुरांचे फोटो काढणं नंतर सुरू झालं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या वह्यांमध्ये गावावरून आणि आडनावावरून घराण्यांची नामावळ मिळते. आधी गावात आडनाव कळू द्या, मग तिकडे जा. उलट क्रमाने गेलात तर हेलपाटा होईल.

मूळ धागालेखिका:

मोडीवाचक, हर्णैकर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुमचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. "पालगड" ऐकल्यावर तिने मला आधी चांगलं फैलावर घेतलं, की खात्री नसताना त्यांना पालघर का सांगितलंस. बरोबर आहे तिचं. तो माणूस महिनाभर नातीला नकाशावर चुकीचं गाव दाखवत बसला असेल.

काल रात्री फोन केला. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे त्यांची जेवणं चालली होती. आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं. "गड" शब्द त्यांना लगेच कळला. ते फोनवरच दोन-तीनदा म्हणाले, "पालगड. पाल-गड," आणि मग नातीकडून म्हणवून घेतलं. तिला "ड" जमत नव्हता, ती "पालगर" म्हणत होती. तेव्हा मला त्या कारकुनाचा राग यायचा थांबला.

पुढच्या सोमवारी ते मोकाला जाणार आहेत, क्रमांक घेऊन. मी आणि आई त्यानंतरच्या शनिवारी दापोलीला निघतोय, दोन रात्री. या वेळी कुठलाही कार्यक्रम आखलेला नाही. पालगडला देवळात जायचं, बसायचं, कुणी बोलेल तेवढं ऐकायचं. गावातलं कुणी हा धागा वाचत असेल, किंवा मुंबई मंडळातल्या कुणाची ओळख असेल, तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे राहायला तळमजल्यावरची साधी खोली कुठे मिळेल तेही सांगा.

अजून एक, आणि हे गुगलवर शोधून मला पटण्यासारखं उत्तर मिळालेलं नाही. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "तिथून समुद्र दिसतो का?" त्यांच्या आजीचं म्हणणं होतं, की तिच्या आजेसासऱ्यांनी बोटीवर चढेपर्यंत जवळून समुद्र पाहिलाच नव्हता, फक्त गडावरून लांब एक पांढरी रेघ पाहिली होती. गाव समुद्रापासून आत आहे हे नकाशावर दिसतं. पण किल्ल्यावर स्वतः चढून गेलेल्या कुणी सांगाल का, हवा स्वच्छ असताना पश्चिमेकडे काय दिसतं? मी त्यांना अजून काहीच उत्तर दिलेलं नाही. या वेळी विचारल्याशिवाय सांगणार नाही.