ऱ्हाईनचा खेळ आमच्या वर्गात
कुणी कुणी म्हणतं की दोन-चार देशांतून वाहणाऱ्या नदीचं नाटक, म्हणजे गटागटानं एकेका देशाची बाजू घेऊन भांडायचं, आठवीच्या पोरांना झेपत नाही, मला नाही पटत. मी नांदेडकडं शिकवतो, गेल्या वर्षी युरोपातली ऱ्हाईन नदी घेतली होती. नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडात बाझल शहराजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं न् खाली शेकडो किलोमीटर ईल मासे मेले. चार गट केले, स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड. नदीच्या सगळ्यात खालचे नेदरलँडवाले लगेच पेटले, वरच्यांनी केलेलं खालच्यांनी भोगायचं हे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या भांडणामुळं पोरांना घरीच ऐकून पाठ! मग मुद्दाम गट उलटे केले, तर पाच मिनिटांत तीच पोरं म्हणायलेत "सर, कारखाना बंद केला तर कामगारांनी खायचं काय?" आमच्याकडच्या गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या खाली तेलंगणा आहे, त्यांच्यासाठी वरचे आपणच, हे एका पोरीनं काढलं, मी नाही.

एक करून बघा, पाण्याचे आकडे फळ्यावर लिहू नका. ऑक्सिजन किती, क्लोराईड किती ते प्रत्येक गटाला वेगळ्या चिठ्ठीवर द्यायचं, दुसऱ्याला दाखवायचं का लपवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, खरी भांडणं तिथंच लागतात. फक्त तास दोन जोडून घ्या, एकात काहीच होत नाही.