मदत हवी आहे: ओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती) घेताना "हो सिस्टर"च्या पुढे मुलींना बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. मी एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. इथे नर्सिंगमधली, विमानसेवेतली, कारखान्यात शिफ्ट सांभाळणारी माणसं आहेत म्हणून विचारतेय. आपण सांगितलेलं समोरच्यापर्यंत नीट पोचलं का, हे त्याला कमीपणा न वाटता कसं तपासता?

आमच्याकडे सकाळी नाइटची स्टाफ ओव्हर देते. ती रात्रभर उभी असते, तिला बस गाठायची असते. घेणारी केस पेपर चाळत मान हलवते. तेवढ्यात कुणाचे तरी नातेवाईक बिलाचं विचारायला येतात, मावशी चादरी मागतात, फोन वाजतो. शेवटी "कळलं ना?" "हो सिस्टर." झालं. तासाभराने तिलाच विचारावं, या पेशंटला उपाशी का ठेवलंय, तर ती पुन्हा केस पेपर शोधायला लागते. मुली हुशार आहेत, कामाला मागे हटत नाहीत. पण परत विचारलं तर "एवढंही समजत नाही का" ऐकावं लागेल, ही धास्ती त्यांच्या मनात बसलीय. ती उगाच नाही, तसं बोलणारे आहेत आमच्यात.

फोनवरच्या ऑर्डरचं तर विचारू नका. मध्यंतरी एका डॉक्टरांनी रात्री सलाइनचा रेट सांगितला, "फिफ्टीन". नवीन मुलीने "ओके सर" म्हणून फिफ्टी लिहिलं. पेशंटचं हार्ट फेल्युअर शेजारच्या सिनियर स्टाफला माहीत होतं, म्हणून तिने पंप सुरू करण्याआधी परत फोन करायला लावला. नियम आहेच: ऑर्डर लिहायची, लिहिलेली वाचून दाखवायची, आकडा "वन फाइव्ह" असा सुटा म्हणायचा आणि डॉक्टरांनी "बरोबर" म्हटल्यावरच पुढे जायचं. पण वाचून दाखवेपर्यंत तिकडे फोन ठेवलेला असतो.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला टेनेरिफ बेटावरचा विमान अपघात सांगितला होता. २७ मार्च १९७७, धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कंट्रोलरचा "ओके" उड्डाण घेऊ पाहणाऱ्या वैमानिकाला ऐकू गेला, त्यापुढचं "थांबा" दुसऱ्या विमानाच्या संदेशात अडकून नुसता कर्कश आवाज झालं. त्याच्याच फ्लाइट इंजिनियरने विचारलंसुद्धा, ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठामपणे झालं म्हणून सांगितलं आणि विषय तिथेच मिटला. मला त्या इंजिनियरच्या जागी माझ्या वॉर्डातली मुलगी दिसते.

एसबारचा तक्ता आम्ही लावलाय. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपलं निरीक्षण, काय हवंय, या क्रमाने बोलायचं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ही पद्धत रुग्णालयांत आली. उपयोग होतो, नाही असं नाही. पण त्याने बोलणारी सुधारली, ऐकणारी मुकीच राहिली. ऐकणारीचंही काही काम असतं, हे आमच्याकडे कुणी शिकवतच नाही.

मी "आता तू मला सांग, या पेशंटचं आधी काय बघशील?" असं विचारून पाहिलं. दोघी-तिघी छान बोलतात, बाकीच्यांचा चेहरा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा होतो. मग देणारीलाच विचारायला सांगितलं, "माझं काही सांगायचं राहिलं का?" याने फरक पडला. चूक सांगणारीच्या पदरात जाते, त्यामुळे ऐकणारीला विचारायला संकोच वाटत नाही. कॅथेटर कधी घातलं, रात्री युरिन आउटपुट किती, असे नेमके प्रश्न यायला लागलेत. पण वॉर्ड भरलेला असला की पुन्हा "हो सिस्टर".

आता दोन ठिकाणी अडलंय. ओव्हरच्या वेळात फोन आणि नातेवाईक कुणी सांभाळायचे, तुमच्याकडे काय सोय केलीय? आणि रीड-बॅकला, म्हणजे ऑर्डर परत वाचून दाखवण्याला, वैतागणाऱ्या सिनियर डॉक्टरांशी कोण बोललं, मेट्रन, मेडिकल सुपरिंटेंडंट की तुम्ही स्वतः? नेमक्या कोणत्या शब्दांत बोललात तेही लिहा, मला तसंच्या तसं वापरायचंय.