‘साचलंय’ लिहिलं म्हणून गुण कापायचे?

आठवीची आई:
लेकीची निबंधाची वही काल हातात पडली. विषय पावसाळ्यातला एक दिवस. तिनं लिहिलं होतं, ‘पटांगणात एवढं पाणी साचलंय, की खो-खोचे चौकोन पार बुडालेत.’ बाईंनी ‘साचलंय’ आणि ‘बुडालेत’ला लाल गोल केला, वर ‘साचले आहे’, ‘बुडाले आहेत’ लिहिलं आणि खाली शेरा मारला, ‘बोलीभाषा टाळावी’. अर्धा गुण गेला त्याचं काही नाही. शेरा मात्र मला पटलेला नाही.

‘साचलंय’ हा आळस नाही, ते क्रियापदाचं आपलं रूप आहे. खिडकीशी उभं राहून ‘पाणी साचले आहे’ असं कुणी म्हणत नाही, ती सूचनाफलकाची भाषा झाली. आणि आखडलेले शब्द तर आपण शुद्ध म्हणून रोज लिहितो. ‘नव्हता’ म्हणजे ‘न होता’. ‘अडीच’च्या पोटात अख्खं ‘अर्धतृतीय’ आहे. त्यांना कुणी गोल करत नाही. फ्रेंचमध्ये तर ‘द’ (म्हणजे ‘चा’) हा शब्द आणि पुल्लिंगी उपपद ‘ल’ शेजारी आले की जोडून ‘द्यू’ लिहावंच लागतं, सुटं लिहिलं तर तीच चूक धरतात. मग आपल्याच मुलांना का अडवायचं?

लाल पेन:
ताई, मी सव्वीस वर्षं मराठी शिकवतोय. बाईंच्या जागी मीही तो गोल केला असता.

तुम्ही सोपं उदाहरण घेतलंत. ‘माहिती आहे’ घ्या. एकाच वर्गाच्या वह्यांत मला ‘माहितीये’, ‘माहित्ये’, ‘माहितेय’ आणि ‘माहिती ए’ अशी चार रूपं सापडली. यातलं बरोबर कोणतं म्हणून सांगू? ‘मी उद्या येणार आहे’चं मुलं ‘मी उद्या येणारे’ करतात. ‘उद्या येणारे पाहुणे’ यातलं ‘येणारे’ निराळंच. इंग्रजीत निदान अ‍ॅपॉस्ट्रॉफी आहे, अक्षर कुठे गळलं ते डोळ्यांना दिसतं. तरीही करारनाम्यात ते लोक ‘डोन्ट’ लिहीत नाहीत, ‘डू नॉट’च लिहितात.

आजीच्या तोंडी ‘आभाळ भरून आलंय’ असेल तर मी कधीच हात लावत नाही. निवेदनाची गोष्ट वेगळी. माझ्या वर्गात सात मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. ‘आहे’ सुटं दिसलं नाही तर वाक्य कुठे संपलं तेच त्यांना कळत नाही. आधी पूर्ण वाक्य उभं करता येऊ दे.

कोलकातावासी:
सर, रूप ठरलेलं नाही म्हणून लिहायचं नाही, हे मला उलटं वाटतं. लोक लिहायला लागले की रूप ठरत जातं.

इथे बंगालीत हाच वाद शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. साधुभाषेत, म्हणजे जुन्या ग्रांथिक बंगालीत, ‘करितेछि’, बोलण्यात ‘कोरछि’. आपलं ‘करीत आहे’ आणि ‘करतोय’ जसं, तसंच. 1914 साली प्रमथ चौधुरींनी ‘सबुजपत्र’ मासिक काढलं आणि बोलण्यातली चलित भाषा लेखनात आणायचा आग्रह धरला. रवींद्रनाथांसारखा माणूस त्या बाजूनं उभा राहिला. आज वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, जवळपास सगळं चलित भाषेत. माझ्या मुलानं निबंधात ‘करितेछि’ लिहिलं तर त्याच्या बाई विचारतील, हे कुठून आणलंस?

मात्र एक गोष्ट इथे फार काटेकोरपणे बघतात. साधू आणि चलित रूपं एकाच लेखनात मिसळली तर तो दोष. त्याला ‘गुरुचंडाली दोष’ असं नावच आहे. कुठलंही रूप घ्या, पण घेतलं की शेवटपर्यंत तेच.

लातूरकर:
‘साचलंय’, ‘करतोय’ हे आखडणं कुणाचं? आमच्याकडे ‘काय करूलालास’ म्हणतात, म्हणजे ‘करू लागलास’. नागपूरकडे ‘काय करून रायला’. तीही आखडलेलीच रूपं आहेत, तुमच्याइतकीच जुनी असतील. मग ‘करतोय’ निबंधात चालणार आणि ‘करूलालो’ अशुद्ध, हे कुणी ठरवायचं?

मी पुण्यात शिकायला आलो तेव्हा ‘येऊलालो’ म्हटलं की पुढच्या बाकावरचे वळून बघायचे. पहिली सहामाही मी वर्गात तोंड उघडलं नाही. पण उत्तरपत्रिकेत मी ‘येत आहे’ लिहायचो आणि तेही ‘येत आहे’ लिहायचे. कागदावर मला कुणी वेगळा काढू शकत नव्हतं. म्हणून मला ते ‘आहे’ हवंय, ताई. तुम्हाला ते सूचनाफलकाचं वाटतं, मला त्याचा आधार होता.

म्हापशेकर:
आमच्याकडे गोव्यात 24 जूनला सांव जुआंव, म्हणजे संत जॉनचा सण, असतो. त्यातला ‘सांव’ म्हणजे पोर्तुगीज ‘सांतु’चंच (संत) आखडलेलं रूप. पुढचं नाव व्यंजनानं सुरू झालं की साधारणपणे ‘सांव’, स्वरानं झालं की ‘सांतु’, म्हणून ‘सांतु आंतोनियु’. केव्हा आखडायचं ते ठरलेलं आहे. आपणही ठरवून टाकावं.

आठवीची आई:
लातूरकर दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘करूलालो’ बाहेर ठेवून माझं ‘करतोय’ आत यावं, असं मला मुळीच नको आहे. माझ्या मते आठवीच्या निबंधात दोन्ही चालावीत. पण ज्या मुलाकडे बाक वळून बघतात त्याला हे सांगणं मला सोपं आहे, त्याला लिहिणं सोपं नाही. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

सर, कोलकात्याचा मुद्दा वाचून मी वही परत काढली. बाईंनी ‘साचलंय’ बदललं, पण त्याच वाक्यातलं ‘एवढं’ तसंच राहिलंय. आता ते असं झालंय: ‘पटांगणात एवढं पाणी साचले आहे.’ मोठ्यानं वाचून बघा. लेक म्हणाली, ‘आई, हे दोघींनी मिळून लिहिल्यासारखं वाटतंय.’

लाल पेन:
मान्य. ‘एवढं’ ठेवायचं तर ‘साचलंय’ ठेवायला हवं, नाहीतर ‘एवढे’ करायला हवं. ही दुरुस्ती अर्धीच झाली. मीही अशा अर्ध्या दुरुस्त्या केल्या असणार, उद्या वह्या तपासताना बघेन.

‘येणारे’चं काय करायचं ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.