मदत हवी आहे: पंधरा वर्षांचा डेस्कटॉप, नवीन रॅम घातली की नुसता ओरडतो

आठ_माग

नमस्कार मंडळी. इथे वाचतो खूप, लिहितोय पहिल्यांदाच. चूकभूल सांभाळून घ्या.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. आठ माग, टॉवेल काढतो. शेडच्याच एका कोपऱ्यात लाकडी पार्टिशन घालून केलेलं ऑफिस आणि त्यात २०१० साली जोडून आणलेला कॉम्प्युटर. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा बोर्ड, एक-एक जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, ३२ बिटचं विंडोज ७. (हे मला पाठ नव्हतं. पुण्याच्या भाच्याने फोनवर एकेक बघायला लावलं.) काम काय, तर बिलं, पार्ट्यांचे हिशोब, हैदराबादला माल निघाला की ई-वे बिल, आणि लाईट नसेल तर काहीच नाही.

आता रडगाणं. सकाळी बटण दाबायचं, देवाला अगरबत्ती लावायची, कामगारांची हजेरी घ्यायची, चहा सांगायचा. चहा येऊन थंड झाला की डेस्कटॉप दिसतो. लाईट जाऊन आली की तारीख थेट १ जानेवारी २००९ वर जाते आणि मग एकही वेबसाइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. उन्हाळ्यात दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला आपोआप बंद पडतो. डब्याला हात लागला तर मुंग्या येतात. कामगार म्हणतात मालकाचा कॉम्प्युटर चावतो.

एका दुकानात डबा उचलून नेला. पोरगं उघडून न बघताच म्हणालं, “मालक, काय ठेवलंय ह्यात, टाका की भंगारात.” नव्याचा आकडा सांगितला बत्तीस हजार. सूत कुठल्या भावाला चाललंय ते सोलापूरकरांना सांगायला नको. भाचा म्हणाला मामा, रॅम वाढव आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) टाक, पळायला लागेल. म्हणून ४ जीबीची डीडीआर३ रॅम सातशे रुपयांना आणली, जुन्या दोन्ही काढून ती बसवली, तर पडदा काळा आणि आतून लांब-लांब शिट्ट्या. परत जुन्या लावल्या की चालू. दुकानदाराने तीच रॅम त्याच्या मशीनवर लावून दाखवली, व्यवस्थित चालली. म्हणतो रॅम ओके आहे, तुमचा बोर्ड गेलाय.

बोर्ड गेला असता तर जुन्या रॅमवर चालला असता का? हा माझा मुख्य प्रश्न. पुढचा प्रश्न, पाच हजारांच्या आत ह्याचं काही होईल का, की खरंच भंगार? हिशोबाचं सॉफ्टवेअर जुनं आहे, विंडोजवरच चालतं, आणि त्यात चौदा वर्षांच्या उधाऱ्या आहेत. त्या गेल्या तर मी गेलो.

शेंगाचटणी

बोर्ड ठणठणीत आहे. रॅम हातात घ्या आणि तिच्यावरचे काळे चौकोन मोजून सांगा. दोन्ही बाजूंचे.

आठ_माग

आठ. एकाच बाजूला. मागची बाजू कोरी.

शेंगाचटणी

वाटलंच. ही रॅम खराब नाही आणि दुकानदारही खोटं बोलला नाही. गोम वेगळी आहे. ४ जीबी दोन प्रकारे भरता येते: २ गिगाबिटच्या सोळा चिप लावून, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ, किंवा ४ गिगाबिटच्या आठ चिप एकाच बाजूला लावून. जी४१ ज्या काळात आला तेव्हा दुसरी जात बाजारात नव्हती. त्याला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखता येते. त्यापुढची दिसली की ‘रॅमच नाही’ समजून शिट्टी मारतो. त्याच्या मशीनवर चालली कारण ते नंतरचं असणार.

तुम्हाला सोळा चिपवाल्या ४ जीबीच्या दोन हव्यात. ह्या बोर्डाला कमाल ८ जीबी चालते, दोन्ही खाचा भरल्या की झालं. नवीन मिळणार नाहीत, जुन्या मशीनमधून काढलेल्या मिळतील, आणि त्या स्वस्त असतात. दुकानात गेलात की लेबल वाचू नका, चिप मोजा. पैसे देण्याआधी स्वतःच्या डब्यात लावून बघा. डबा न्यायला कंटाळा करू नका, रिक्षाने न्या.

आणि लक्षात ठेवा, ३२ बिट विंडोजला ८ जीबी दिली तरी तो सव्वातीन जीबीच्या आसपासच वापरतो. उरलेली नुसती बसून राहते.

तारखेचं दुखणं म्हणजे बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. घड्याळ २००९ दाखवत असेल तर वेबसाइटचं प्रमाणपत्र ‘अजून जन्मलंच नाही’ असं ब्राउझरला वाटतं, म्हणून तो दार लावून घेतो. तीस-चाळीस रुपयांचं काम आहे.

सात_रस्ता

माझं मत वेगळं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? कंपन्यांनी भाड्याने घेऊन परत केलेले डेस्कटॉप बाजारात ढिगाने येतात. एक उचला आणि मोकळे व्हा. फक्त घेताना इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची बघा. विंडोज १० ला अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या आधीचं घेत नाही, टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) सुद्धा मागतो. सहावी-सातवी पिढी स्वस्तात गळ्यात मारतील, तिथे सांभाळा. तुमच्या कोअर टू ड्युओवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती जुगाड करूनही सुरू होणार नाही. त्या प्रोसेसरला पॉपकाउंट नावाची आज्ञाच (इन्स्ट्रक्शन) समजत नाही.

विंडोज ७ वर बँक उघडत असाल तर आजच बंद करा. त्याची अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपली. क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर थांबलाय.

आठ_माग

सात_रस्ता, पटतंय. पण उधाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, ते नव्या विंडोजवर चालेल का कोणी सांगत नाही. ज्याने बसवून दिलं तो आता सोलापुरात नाही. आणि खरं सांगायचं तर वडिलांनी आणलेली वस्तू आहे, त्यांना विचारलं तर म्हणाले, “आमचा माग चाळीस वर्षं चालला, ह्याला काय धाड भरली?”

जकार्ड_काका

वडील बरोबर बोलले की ओ! मालक, आमचा पण साखर पेठेत असलाच धंदा. तुमचा कॉम्प्युटर दुपारी बंद पडतो ना, झाकण काढा आणि प्रोसेसरवरचा पंखा बघा. मी माझा काढला तेव्हा पंख्याच्या खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर चक्क टॉवेल तयार झाला होता. बोटभर जाड, नखानं धरून ओढला तर अख्खा पापुद्रा निघाला. शेडमधली सगळी रुई तो पंखा आत ओढतो, वर मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस. वारा पात्यांपर्यंत पोचतच न्हाई, प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो.

बसवायच्या चार खुंट्या असतात, त्यांच्या डोक्यावर बाण आहे. बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढा, हिसका मारू नका, जुनं प्लास्टिक तुटतं. खालची वाळून पांढरी पडलेली पेस्ट पुसा आणि नवीन लावा, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. जास्त लावली म्हणून जास्त गार होत न्हाई.

मागाचा कॉम्प्रेसर आहे म्हणून लगेच हवा मारू नका. आधी टाकीतलं पाणी सोडा, नायतर बोर्डावर तुषार उडतील. पंखा बोटानं धरून ठेवा, हवेनं भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, प्लग काढून बाहेरनंच फुंका. आणि ऑफिसच्या फटींना कापड लावा. मी डबा जमिनीवरनं टेबलावर घेतला, निम्मी रुई तिथंच कमी झाली.

मुंग्या येतात म्हणजे अर्थिंग न्हाई. पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलवरनं अर्थकडं बारके कपॅसिटर असतात, अर्थ तुटली की तेवढा करंट डब्यावर येतो. वायरमनला बोलवून तिसरी पिन तपासून घ्या, टाळू नका. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर पाणी घालायला लागतं. पाणी म्हणजे, नळाला येईल त्या दिवशी.

जाता जाता: नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरनंच इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजला १८३० च्या दशकात मशीनला हुकूम द्यायची युक्ती सुचली. म्हणजे कॉम्प्युटरचा आजोबा आपल्याच शेडमध्ये खडखडतोय.

विजापूर_वेस

दादा, मी डीटीपी करते, माझ्याकडे अगदी हाच बोर्ड होता. दोन्ही टोकांच्या मधला रस्ता सांगते.

विंडोजची हार्ड डिस्क आहे तशी राहू द्या, फॉरमॅट नको, त्यावर नवीन काही बसवायचं नको. आधी हिशोबाचा सगळा फोल्डर दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवा. दोन म्हणजे दोनच, एक घरी ठेवा. मग साटाची (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) २५६ जीबीची एसएसडी घ्या. पट्टीसारखी एनव्हीएमई घेऊ नका, तुमच्या बोर्डाला ती जागाच नाही. बोर्डावर जुनं साटा २ असल्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने धावणार नाही, पण फरक वेगात नाही जाणवत, फायली शोधण्यात जाणवतो. हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे पळते तो वेळच संपतो.

एसएसडीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली), हलकी एक्सएफसीई आवृत्ती, ६४ बिट. २२ ची मालिका एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, काही न बसवता दिसतं. बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, चुकून तिच्यावर पुसलं जायला नको. नंतर जोडा आणि सुरू होताना कुठली हवी ते निवडा. इंटरनेट, बँक, ई-वे बिल सगळं मिंटमध्ये. उधाऱ्या विंडोजमध्ये, आणि तिथलं नेट बंद. विंडोजच्या डिस्कवरची पीडीएफ मिंटमधून सरळ उघडते.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. जुन्या फॉन्टमधली पत्रं मात्र विंडोजमध्येच बघा, ती युनिकोड नसतात. प्रिंटर कुठला आहे?

आठ_माग

एचपी लेझरजेट १०२०.

विजापूर_वेस

मग एचपीलिपचा (लिनक्ससाठी एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) प्लगइन लागेल. त्या प्रिंटरला दर वेळी सुरू झाल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर भरवावं लागतं, ते प्लगइन करतो. बसवताना नेट चालू ठेवा.

आठ_माग

सगळ्यांना कळवायला तीन आठवडे लागले, माफ करा. मध्ये यंदाच्या लग्नसराईची ऑर्डर होती.

सोळा चिपवाल्या दोन रॅम मिळाल्या, हजार रुपयांना दोन. दुकानदारासमोर चिप मोजायला लागलो तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी बोकडाचे दात बघतोय. आधीची रॅम त्याने कुरकुरत बदलून घेतली. एसएसडी सव्वीसशे, सेल चाळीस, पेस्ट दीडशे. एकूण ३,७९०.

जकार्ड_काका, तुमच्याकडे नुसता टॉवेल निघाला, माझ्याकडे चादर होती. निळी. कारण गेल्या वर्षी निळं सूतच जास्त चाललं. वडिलांना दाखवली, त्यांनी बोटात घोळवून बघितली आणि म्हणाले, “वीस नंबरचं सूत.” फुंकून पेस्ट लावल्यावर तीन दिवस पूर्ण दुपार चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. अर्थिंगची तार लाईटच्या बोर्डाच्या मागेच तुटलेली निघाली, आता चावत नाही.

मिंट चहा यायच्या आत उघडतो. ई-वे बिल काल त्यातूनच काढलं. प्लगइन पहिल्यांदा अर्ध्यात थांबला, लाईट गेली होती. दुसऱ्यांदा बसला आणि प्रिंट आली. वडिलांना मात्र पत्त्यांचा खेळ कुठे गेला ते सापडेना, त्यासाठी ते विंडोजमध्येच जातात.

एकच नवं कोडं आहे. सेल नवा घातलाय, मिंटमध्ये घड्याळ बरोबर. पण विंडोज उघडला की साडेपाच तास मागे. सकाळी नऊला पहाटेचे साडेतीन. बिलावर तीच वेळ छापते. सेल पण जुनाच दिला की काय दुकानदाराने?

विजापूर_वेस

सेल नवाच आहे दादा. मिंट बोर्डावरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितो, विंडोज तीच आपली समजून वाचतो; आपण साडेपाच तास पुढे, म्हणून तो मागे. बसवताना मीच विंडोजची केबल काढायला सांगितली, त्यामुळे शेजारी विंडोज आहे हे मिंटला कळलंच नाही. टर्मिनलमध्ये एक ओळ टाकायची आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे. टाकल्यावर आधी मिंटमधली वेळ बघा, मग विंडोज उघडा.