अनुभव धागा: वणवा आणि घरातली वडीलधारी माणसे

रानवाट
काल समोरच्या डोंगरावर धुराची रेघ दिसली आणि आजोबांचा एक जुना प्रसंग आठवला. वणवा वरच्या अंगाने उतरू लागला तेव्हा सगळे निघाले, पण आजोबा काही केल्या उठेनात. हा म्हातारपणाचा हट्ट आहे असेच सर्वांनी धरले होते. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितले की मोतीबिंदूमुळे त्यांना अंधारात उतार दिसत नव्हता, पडून खुबा मोडण्याची धास्ती आगीपेक्षा मोठी वाटत होती आणि चारचौघांत तसे बोलण्याचा संकोच वाटत होता. तेव्हापासून आमच्या घरी ‘निघायचे का?’ असे न विचारता ‘निघताना कशाची अडचण होईल?’ असे विचारतात, आणि तेही वणव्याचे दिवस सुरू होण्याच्या आधी. आपले अनुभव कृपया लिहावेत.

अबोली_
आईला घरी ऑक्सिजन लावावा लागतो. ते यंत्र विजेवर चालते आणि वणव्यात वीज लवकर जाते. कधी तारा जळतात, तर कधी तारांमुळे नवी आग लागू नये म्हणून पुरवठा मुद्दाम बंद केला जातो. म्हणून जोडीला सिलिंडर ठेवला आहे आणि आईला लागणाऱ्या प्रवाहावर तो किती तास पुरेल हे विचारून घेऊन त्यावर ठळक अक्षरांत चिकटवले आहे. जिथे जायचे तिथे वीज आहे ना, याची चौकशी निघण्यापूर्वीच करतो.

भटकी_चप्पल
बॅगेत कवळीची डबी, जुन्या नंबरचा का होईना पण चष्मा आणि श्रवणयंत्राचे सेल हवेतच. आमच्या आत्याबाई कवळीशिवाय निवाऱ्यात पोहोचल्या आणि परत येईपर्यंत कोणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. घरच्यांनी ती शांतता गुपचूप उपभोगली, हा भाग वेगळा!

जुना_वनरक्षक
नोकरीभर जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून रानात मोकळे केलेले पट्टे) काढल्या, म्हणून आगीच्या बाजूने थोडे लिहितो. आग चढावर फार वेगाने पळते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आमचा ठोकताळा असे. त्यामुळे टेकडीच्या माथ्यावरच्या घराला खालची आग दूर वाटली तरी ती दूर नसते. पुष्कळ घरे ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्यावर कधीकधी किलोमीटरभर पुढे उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. ठिणगीला पन्हाळीतला वाळका पाला किंवा भिंतीला टेकवून रचलेले सरपण पुरते. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळण्यासारखे काहीही नको, आणि नऊ-दहा मीटरपर्यंत गवत कापलेले हवे. मात्र सत्तरीच्या माणसाने पन्हाळी साफ करायला शिडीवर चढू नये; ते काम हक्काने तरुणांना सांगावे.

सांजवेळ
काका, छान लिहिलेत. आमचे सासरे ऐंशीच्या घरात आहेत आणि शिडी अजून स्वतःच्या खोलीत ठेवतात. काय करावे?

जुना_वनरक्षक
शिडी शेजाऱ्यांना वापरायला द्यावी आणि परत मागू नये.

नोंदवही
८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावच्या आगीत ८५ माणसे गेली आणि त्यांतली बहुसंख्य साठी ओलांडलेली होती. बाहेर पडायचे रस्ते मोजके होते आणि ते गाड्यांनी भरून गेले. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ जण गेले, त्यांत घर राखायला थांबलेलेही होते. म्हणून वृद्धांच्या घराने घर सोडण्याच्या सरकारी आदेशाची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आदेश धडधाकट माणसाच्या वेळेचा हिशेब धरून निघतो. आम्ही खूण ठरवली आहे: कोरड्या, सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला की आजी सकाळीच मावशीकडे जाते. आग लागली नाही, तर संध्याकाळी परत येते.

गॅरेजवाला
बाबांकडे विजेवर उघडणारे गॅरेजचे दार आहे. वीज गेल्यावर ते हाताने उचलावे लागते आणि बाबांच्या खांद्यात तेवढे बळ नाही. अशा दारांमागे अडकून माणसे दगावल्यावर कॅलिफोर्नियाने २०१९ पासून नव्या दारांना बॅटरी सक्तीची केली. आमचे दार जुने आहे, म्हणून वाऱ्याच्या दिवसांत गाडी बाहेर, रस्त्याकडे तोंड करून आणि टाकी निम्म्याहून जास्त भरून ठेवतो.

अबोली_
@नोंदवही, आजी रोज उठून मावशीकडे जायला कंटाळत नाही का?

नोंदवही
कंटाळते. मावशीकडे पत्त्यांचा डाव ठेवला आहे, तेव्हापासून वाऱ्याची चौकशी तीच करते.

निळावंती
रात्रीचा इशारा फोनवर येतो, पण वडील श्रवणयंत्र काढून झोपतात. फोन कंपनावर ठेवून उशीखाली घालून पाहिला, तरी जाग येईलच याची खात्री नव्हती. शेवटी शेजाऱ्यांकडे किल्ली दिली. त्यांनी दार वाजवत बसू नये, सरळ आत येऊन उठवावे असे ठरले आहे. वडिलांना विसरभोळेपणाचा आजार असल्यामुळे खिशात नाव, औषधे आणि माझा नंबर लिहिलेले कार्ड असते. निवाऱ्यातून ते ‘घरी’ जायला निघतात, हे आधी ठाऊक असलेले बरे.

वैद्यबुवा
धुरात ओला रुमाल बांधतात, पण धुरातले अतिसूक्ष्म कण त्याने अडत नाहीत. एन-९५ मुखपट्टी नीट बसवलेली हवी. दमेकऱ्यांनी ती वापरण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. कपडे सुती किंवा लोकरी असावेत, कारण कृत्रिम धागा वितळून अंगाला चिकटतो. इन्शुलिन तापत्या गाडीत ठेवू नये.

रानवाट
सर्वांचे आभार. हे वाचून आज घरी निघण्याचा सराव करून पाहिला. औषधे आणि कागदपत्रे चटकन हाती आली. सगळा वेळ गेला तो आजीने प्रत्येक कपाटाला कुलूप लावून ते पुन्हा ओढून पाहण्यात.

भटकी_चप्पल
आमच्याकडे त्यावर तोड निघाली आहे. कुलपांचे काम आत्याबाईंकडून काढून घेतले नाही, फक्त ते इशारा येताच सर्वांत आधी करायचे ठरवले आहे.